पहिले तीन दिवस

थंडी ओसरून उन्हं तापायला लागली की चिरनेरच्या परसांतले पेरू मलूल दिसू लागतात. पानं वरून काळपट, हात लावला तर चिकट. पान उलटलं की कारण समोर येतं. पांढऱ्या मेणाच्या रेघांची चक्राकार नक्षी, तिच्यात घातलेली अंडी, शिरांलगत बसलेली चपटी पिल्लं आणि धक्का लागताच भुर्रकन उडणाऱ्या पांढऱ्या माश्या. पिल्लं पानातला रस शोषतात आणि गोड चिकटा बाहेर टाकतात. तो खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. ही चक्राकार पांढरी माशी १९९० च्या दशकात केरळमार्गे भारतात शिरली. कोकणात आता ती कुणाला नवी नाही.

अशा वेळी पनवेल-उरणकडच्या कृषी सेवा केंद्रात चौकशी केली की बुरशीची पावडर पुढे येते. व्हर्टिसिलियम, बिव्हेरिया, नाहीतर मेटारायझियम. ‘जैविक आहे, बिनधास्त मारा’ हा सल्ला सोबत मिळतो. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो आणि विषारी औषधापेक्षा ही पावडर कितीतरी बरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तेच पान जरा निरखून पाहिलं तर काही पिल्लं काळी पडलेली दिसतात. त्यांच्या आत एक अगदी बारीक, गांधीलमाशीच्या कुळातला कीटक वाढत असतो आणि त्याने पांढऱ्या माशीचं पिल्लू आतून खाऊन संपवलेलं असतं. फवारा त्या काळ्या पिल्लांवरही पडणार. मग पावडर आपल्या कामाच्या कीटकाला मारते का? ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात याचं उत्तर देता येत नाही. फवारा कोणत्या दिवशी पडला, यावर ते ठरतं. ते कसं, हे सावकाश पाहू.

आधी पांढऱ्या माशीचा संसार समजून घ्यायला हवा. माशी अंडी घालते ती पानाच्या खालच्या बाजूला. अंड्यातून निघालेलं पिल्लू थोडं अंतर चालतं, मनाजोगी जागा सापडली की सोंड खुपसतं आणि मग मोठं होईपर्यंत तिथून हलत नाही. चार अवस्था ते त्याच जागी काढतं आणि अवस्था बदलताना कात टाकतं. चौथ्या अवस्थेच्या शेवटी ते फुगीर होतं. त्याला आपण कोष म्हणतो. टोमॅटो, वांगी किंवा जरबेरावरच्या पांढऱ्या माशीचा हा सगळा प्रवास उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. माशीला कोवळी पानं आवडतात. त्यामुळे वाढत्या टोमॅटोच्या वेलीवर वयाप्रमाणे थर लागतात. शेंड्याला अंडी, मधल्या पानांवर पिल्लं, बुडाच्या जून पानांवर कोष. हे थर लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

आता मित्रकीटक. हरितगृहांत सगळ्यात जुनी आणि जगभर वापरली जाणारी जात एन्कार्सिया फॉर्मोसा. लांबी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त, डोकं आणि छाती काळी, पोट पिवळं. माणसाला ती चावत नाही, डसत नाही. तिच्यात नर जवळजवळ नसतातच. वोल्बाकिया नावाचे जिवाणू तिच्या पेशींत राहतात आणि त्यांच्यामुळे मादी नराशिवायच माद्यांना जन्म देते. पानावर चालत जाऊन ती प्रत्येक पिल्लाला मिशांनी ठोकून तपासते. पसंत पडलं तर शेपटाकडची सुई आत घालून एक अंडं ठेवते, शक्यतो तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेच्या पिल्लात. काही पिल्लांना नुसतंच भोक पाडते आणि बाहेर आलेला रस पिते. तीही मरतात. अंड्यातून अळी निघते, यजमानाचं शरीर आतून खात वाढते आणि साधारण दहा दिवसांत हरितगृहातल्या पांढऱ्या माशीचं ते पिल्लू काळं पडतं. आणखी दहाएक दिवसांनी नवी एन्कार्सिया बाहेर येते. कापसावरची पांढरी माशी, म्हणजे बेमिसिया, हीसुद्धा आपल्या पॉलिहाऊसमध्ये असते. तिची पिल्लं मात्र काळी न होता तपकिरी दिसतात. रंगावरून अंदाज बांधताना ही चूक सहज होते.

हा काळा रंगच पहिल्यांदा माणसाच्या नजरेत भरला. १९२६ साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात एका टोमॅटो बागायतदाराला पांढऱ्या माशीच्या पिल्लांत काळी पिल्लं दिसली. चेशंटच्या संशोधन केंद्रातल्या स्पायर या कीटकशास्त्रज्ञाने ती सांभाळली, त्यांतून काय निघतं ते पाहिलं आणि पैदास सुरू केली. १९३० पर्यंत ते केंद्र वर्षाला सुमारे १५ लाख एन्कार्सिया सुमारे ८०० रोपवाटिकांना पुरवत होतं. पुढे डीडीटी आलं आणि हा उद्योग जवळजवळ विसरला गेला. माश्या औषधांना जुमानेनाशा झाल्या, तेव्हा १९७० च्या दशकात लोक पुन्हा एन्कार्सियाकडे वळले.

बुरशी कशी मारते, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्या संथपणावर उभा आहे. विषारी औषध स्पर्शाने किंवा पोटात जाऊन काही तासांत काम करतं. बुरशीचा बीजाणू आधी कीटकाच्या कातडीला चिकटतो. त्याला ओल मिळाली पाहिजे. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर रात्रभर टिकली तर तो रुजतो, बारीक कोंब काढतो आणि कातडी विरघळवणारी विकरं सोडत आत शिरतो. एवढ्यालाच साधारण एक दिवस जातो. आत शिरल्यावर बुरशी कीटकाच्या रक्तात वाढते आणि तीन ते सात दिवसांत तो मरतो. हवा दमट असेल तर नंतर कातडीतून बुरशी बाहेर फुटते. बिव्हेरियाने मेलेलं पिल्लू पुष्कळदा लालसर दिसतं, व्हर्टिसिलियमने मेलेल्याभोवती पांढरे कापशी तंतू दिसतात. ऊन बीजाणूंचा वैरी आहे. भर उन्हात काही तासांत त्यांची रुजण्याची ताकद जाते. पारा ३५ अंशांच्या आसपास गेला तरी यांतल्या बऱ्याच बुरश्या सुस्तावतात. शिवाय पिल्लू कात टाकतं तेव्हा कोंब आत शिरायच्या आधीच बीजाणू जुन्या कातीबरोबर गळून जाऊ शकतो. म्हणून एका फवाऱ्यात काम भागत नाही.

एका पानावर बुरशी आणि एन्कार्सिया किती ठिकाणी समोरासमोर येतात?

पहिली गाठ उडत्या एन्कार्सियाशी पडते. बिव्हेरिया काही निवडक खाणारी बुरशी नाही. शेकडो जातींचे कीटक तिला चालतात, आणि गांधीलमाशीच्या कुळातले बारीक परोपजीवी त्यांत आलेच. प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत, दाट बीजाणू आणि कोंडलेली ओल असताना, हे कीटक भरपूर मरतात. माव्यावरच्या ॲफिडियस या परोपजीवीवर अमेरिकेत अशा चाचण्या झाल्या, तेव्हा बशीत दिसलेलं नुकसान हरितगृहात बरंच कमी भरलं. याचं कारण साधं आहे. बशीत कीटकाला पळायला जागा नसते. हरितगृहात वारा असतो, पान सुकतं, कीटक उडून कोरड्या पानावर जातो, आपलं अंग साफ करतो. कॅनडात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हरितगृहात बिव्हेरिया आणि एन्कार्सिया एकत्र वापरून पाहिली गेली आणि दोघं एकाच पिकात नांदू शकतात असंच दिसलं. म्हणून फक्त प्रयोगशाळेतला आकडा दाखवून कुणी बुरशीला दोष दिला तर तो मला पटत नाही. तसंच ‘अजिबात धोका नाही’ असं छापलेलं पत्रकही मी मान्य करत नाही. अंगावर बीजाणू बसलेली एन्कार्सिया मेली नाही तरी वेळ अंग पुसण्यात घालवते, कमी चालते आणि कमी पिल्लं शोधते. मेलेल्या एन्कार्सिया मोजल्या तर हे नुकसान दिसतच नाही.

दुसरी गाठ पडते ती एन्कार्सिया बुरशी लागलेल्या पिल्लापाशी पोचते तेव्हा. नेदरलँड्समध्ये फ्रान्सेन आणि व्हॅन लेंटरेन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे फार चिकाटीने तपासलं. त्यांची बुरशी होती ॲशरसोनिया, जी मुख्यतः पांढरी माशी आणि खवले किडींवर जगते. पिल्लाच्या रक्तात बुरशी पसरलेली असेल तर एन्कार्सिया सुई घालून पाहते, ओळखते आणि अंडं न घालता पुढे जाते. पण बीजाणू नुकतेच पडलेले असतील, बुरशी अजून आत पसरलेली नसेल, तर तिला काहीच कळत नाही. ती अंडं घालते आणि ते अंडं वाया जातं. फवारणीनंतर लगेच एन्कार्सिया सोडल्या तर हे होतं.

तिसरी गाठ सगळ्यांत महत्त्वाची. पिल्लात अंडं आधीच घातलेलं आहे आणि मग वरून बुरशी पडली, तर? त्याच दोघांनी अंडं घातल्यानंतर वेगवेगळ्या दिवशी बीजाणू फवारून पाहिले. पहिल्या तीन दिवसांत फवारलेल्या पिल्लांत बुरशीने बाजी मारली आणि एन्कार्सियाची संख्या चांगलीच घटली. चौथ्या दिवसापासून पुढे फवारलं तेव्हा एन्कार्सिया बहुतेक वाचल्या. अंड्यातून अळी बाहेर पडायची वेळही साधारण हीच. अळी एकदा खायला लागली की यजमानाच्या शरीराचा ताबा तिच्याकडे जातो आणि बाहेरून येणाऱ्या बुरशीला तिथे पाय रोवणं जड जातं. पिल्लू काळं पडलं म्हणजे हा धोक्याचा टप्पा केव्हाच मागे पडला.

शेतकऱ्याला यातून घ्यायचं ते एवढंच. आधी बुरशी मारायची असेल तर आठवडाभर थांबून मग एन्कार्सिया सोडाव्या. तोवर बुरशी लागलेलं पिल्लू एन्कार्सियाला ओळखू येतं. आधी एन्कार्सिया सोडल्या असतील तर काळी पिल्लं दिसेपर्यंत पंप खाली ठेवावा. अर्थात पिकात एकाच वयाची पिल्लं कधीच नसतात. कोणत्याही दिवशी फवारा मारला तरी कुठलं तरी अंडं त्या पहिल्या तीन दिवसांत सापडणारच. म्हणून आधी सांगितलेले थर कामाला येतात. फवारा मधल्या पानांच्या खालच्या बाजूला, लहान पिल्लांवर द्यावा आणि काळे कोष असलेली बुडाची पानं कोरडी ठेवावी. किडीचा जोर असलेल्या ओळी आधी घ्याव्या, बाकीच्या चार-पाच दिवसांनी. दोघं मिळून एकट्या-दुकट्यापेक्षा जास्त पिल्लं मारतात, पण दोघांची साधी बेरीज होत नाही, कारण काही पिल्लं दोघांच्याही वाट्याला येतात.

कोकणाने हा सगळा प्रकार हरितगृहाबाहेर, उघड्या आभाळाखाली माडांवर पाहिला आहे. २०१६ साली तमिळनाडूतल्या पोल्लाचीत नारळावर रुगोज चक्राकार पांढरी माशी पहिल्यांदा सापडली आणि पुढच्या काही वर्षांत केरळ, कर्नाटक, गोवा करत ती आपल्या किनाऱ्यावर आली. झावळ्यांच्या खाली पांढरा थर, वर काळी बुरशी, वाडीतल्या केळी, सुपारी सगळं काळं. लोक घाबरले, साहजिक होतं. पण तिच्यावर पोसणारी एन्कार्सिया ग्वाडेलूपे ही जात भारतात आधीच होती. जुन्या चक्राकार पांढऱ्या माशीच्या मागोमाग ती लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर आणि तिथून मुख्य भूमीवर आली होती. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने सल्ला दिला की विषारी औषध मारू नका, एन्कार्सियाला वाढू द्या. जिथे हा सल्ला पाळला गेला तिथे काळी पडलेली पिल्लं वाढत गेली आणि माशीचा जोर उतरला. काळी पिल्लं असलेल्या झावळीचे तुकडे कापून नव्याने लागण झालेल्या माडावर टाचायचे, हा उपायही सांगितला गेला. जोडीला आयसेरिया फ्युमोसोरोसिया या बुरशीचा एक वाण ब्युरोने पुढे आणला आणि तो या एन्कार्सियाला बाधक नसल्याचं आढळलं.

कोकणापुरता एक पेच मात्र आहे. ही माशी फोफावते कोरड्या महिन्यांत, साधारण फेब्रुवारी ते मे. बुरशीला हवी असते ओल. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच बुरशी सर्वांत दुबळी, आणि जून-सप्टेंबरमध्ये हवा तिच्या मनासारखी असते तेव्हा पाऊस बीजाणू धुऊन नेतो आणि माशीही आपोआप कमी होते. म्हणून माडाच्या बाबतीत माझं झुकतं माप एन्कार्सियाला आहे. बुरशी वापरायची तर पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात किंवा दव पडणाऱ्या थंडीच्या रात्रींच्या तोंडावर. त्यात नंतर आणखी एका पाहुणीची भर पडली, बोंडारची घरटी करणारी पांढरी माशी. ती त्याच झावळीवर राहते, पण तिला आवरणारी एन्कार्सिया तिच्याबरोबर आलेली नाही. तिच्यासाठी मारलेला फवारा शेजारच्या रुगोजमधल्या एन्कार्सियावर पडतो, हे ध्यानात ठेवावं लागतं.

घाटावर, तळेगाव-मावळकडच्या पॉलिहाऊसमध्ये, अडचण वेगळी आहे. गुलाबावर भुरी येते, म्हणून बुरशीनाशकाची फवारणी ठरलेली. आता मित्र बुरशीही बुरशीच. कार्बेन्डाझिम किंवा मॅन्कोझेबसारखं औषध मारून लगेच बिव्हेरिया मारलं तर पैसे पाण्यात. दोन्हींत आठवडाभराचं तरी अंतर हवं, आणि पंपही शक्यतो वेगळा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं ‘फुले बगीसाईड’, म्हणजे व्हर्टिसिलियम लेकॅनीच, मिलीबग आणि पांढऱ्या माशीसाठी पुष्कळ जण वापरतात. त्यांनाही हे लागू आहे.

दिवसांचा हा हिशेब दुसऱ्या मित्रकीटकालाही लागतो. टोमॅटोवरची नागअळी, टुटा ॲब्सोल्युटा, भारतात पहिल्यांदा २०१४ साली पुण्याच्या परिसरात सापडली. तिच्या अंड्यांसाठी ट्रायकोकार्ड लावतात. या कार्डातली ट्रायकोग्रामासुद्धा परोपजीवी गांधीलमाशीच, फक्त ती किडीच्या अंड्यातच वाढते आणि आठ-दहा दिवसांत बाहेर येते. ती आत वाढत असलेल्या किडीच्या अंड्यांचाही रंग तीन-चार दिवसांत काळा होतो. कार्ड लावल्याच्या संध्याकाळी बिव्हेरिया मारणं म्हणजे विकत आणलेले मित्र आपल्याच हाताने भिजवणं. आपल्याकडे ट्रायकोकार्ड मिळतं तशी एन्कार्सियाची कार्डं दुकानात सहज मिळत नाहीत. पॉलिहाऊसमध्ये दिसते ती बहुतेक आपली स्थानिक एन्कार्सिया किंवा तिची चुलत बहीण एरेट्मोसेरस. ती बाहेरून आपणहून आलेली असते, म्हणून ती सांभाळणं जास्त गरजेचं.

फवारणी संध्याकाळीच करावी. बीजाणूंना पुढे पूर्ण रात्र मिळते आणि एन्कार्सिया तेव्हा फारशी हालचाल करत नाही. नोझल वरच्या दिशेने धरून पानाची खालची बाजू भिजवायची. पडदे रात्री बंद ठेवून सकाळी लवकर उघडायचे, नाहीतर त्याच ओलीवर करपा आणि भुरी येते. बुरशीबरोबर जे मिसळलं जातं त्याकडे सहसा कुणी पाहत नाही, आणि मला तीच खरी काळजी वाटते. जास्तीचं स्टिकर, साबण किंवा तेल इवल्याशा एन्कार्सियाला बुरशीच्या आधी मारतं. तिचं अंग तेलाच्या थरात अडकतं. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण ओलांडू नये. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीसाठी लावतात, त्यांवर एन्कार्सियाही चिकटते. किडीचा अंदाज घेण्यापुरते ठेवा, एन्कार्सिया सोडल्यावर कमी करा.

काम झालं की नाही ते दहापट भिंगाने पाहावं. भिंग स्वस्तात मिळतं आणि त्याच्याइतका उपयोगी दुसरा जिन्नस मला माहीत नाही. कोषाच्या पाठीवर गोल, स्वच्छ कातरलेलं भोक असेल तर त्यातून एन्कार्सिया बाहेर पडली. उलट्या टी अक्षरासारखी चीर असेल तर पांढरी माशी निघाली. पिल्लू अपारदर्शक, कडेने तंतू फुटलेलं असेल तर ते बुरशीचं. पाच-सहा झाडांची बुडाची पानं अशी पाहिली की पुढचा फवारा मारायचा की थांबायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. गोल भोकं आणि काळे कोष मिळून निम्म्याहून जास्त दिसत असतील तर मी तरी पंपाला हात लावणार नाही.

टोमॅटोची खालची पानं छाटताना याच हिशेबाने वागावं. ती बाहेर नेऊन जाळायची सवय रोगांसाठी बरोबर आहे, पण निरोगी पानांवर काळे कोष असतील तर आपण पुढची पिढीच जाळतो. अशी पानं आठवडाभर झाडाच्या बुडाशी पडू द्यावी. पान सुकलं की त्यावरची पांढऱ्या माशीची जिवंत पिल्लं रस न मिळाल्याने मरतात. काळ्या कोषातल्या एन्कार्सियाला आता पानाकडून काही नको असतं, ती सुकल्या पानातूनही बाहेर पडते आणि वरच्या पानांकडे जाते. त्यानंतर पानं गोळा करून टाकली तरी चालतं.